शहाबादी फरशीवरची शिकार

आमच्या घराच्या ओसरीत एक शहाबादी फरशी तीस वर्षे भिंतीला टेकून उभी होती. अडीच हात लांब, दीड हात उंच. तिच्या दर्शनी बाजूला प्राचीन इजिप्तमधील शिकारीचे एक दृश्य उथळ उठावात कोरलेले आहे. डावीकडे धनुष्य ताणलेला शिकारी, त्याच्यापुढे तीन कुत्री, आणि त्यांच्यापुढे एकावर एक अशा तीन रांगांतून पळणारी हरणे, लांब शिंगांचे रानबोकड, एक शहामृग, आणि झुडपाखाली दडून बसलेला एक ससा. सशाने अंग चोरले आहे. कान मात्र झुडपाबाहेर राहिले आहेत. ज्या मूळ शिल्पाच्या छायाचित्रावरून हे केले, ते चुनखडीच्या दगडावर कोरून वर रंगवलेले होते. शहाबादी हीसुद्धा चुनखडीचीच जात. पण आमच्या फरशीला त्या तीस वर्षांत रंग कधी लागला नाही. खाली उजव्या कोपऱ्यात माझे नाव आहे. ते मीच कोरले.

मी जळगाव जामोदच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या मुख्याध्यापकांनी अशी कल्पना मांडली की, ही फरशी शाळेच्या नव्या कलादालनाच्या दाराशी बसवावी आणि शेजारी माझ्या नावाचा फलक लावावा. मी तेव्हाच नाही म्हणायला हवे होते. मी "बघू" म्हणालो. हा शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरला आहे, आणि तो वापरल्यानंतर मी कधीही काही बघितलेले नाही.

मापे घ्यायला दोन माणसे घरी आली. त्यांनी फरशी भिंतीपासून ओढून फिरवली, आणि तीस वर्षांत प्रथमच तिची पाठ उजेडात आली. पाठीवर गेरूने पाडलेल्या चौकटी होत्या आणि त्या चौकटींत एकच कुत्रे चार वेळा रेखाटलेले होते. धावताना, वळताना, थांबताना आणि पुन्हा धावताना. रेषा इतकी निःशंक होती की कुठेही पुसल्याची खूण नव्हती. माझ्या पत्नीने इतकी वर्षे त्या फरशीभोवतीची जागा झाडली, पण तिची पाठ तिनेही कधी पाहिली नव्हती. हे कोणी काढले, असे तिने विचारले. त्या दोघांसमोर मी, जुने आहे, एवढेच म्हणालो. ते गेल्यावर तिने पुन्हा विचारले आणि वर म्हणाली, की तुमचा हात असा नाही.

मग मी तिला सांगितले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात जे सांगितले नव्हते ते ओसरीच्या पायरीवर बसून अर्ध्या तासात सांगून झाले. शेवटी तिने एवढेच विचारले, "तो मानूस हाये का अजून?"

"आहे. देऊळघाटला असतो."

"मंग मले काऊन सांगता? त्याले सांगा."

तो म्हणजे माझा तरुणपणीचा मित्र. कलाशिक्षकाच्या पदविकेसाठी आम्ही दोघे बुलढाण्यात एका खोलीत राहत होतो. तो देऊळघाटच्या बौद्ध कुटुंबातला. वडील शेतमजुरी करीत, आणि तो सुटीच्या दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवून आपले शिक्षण चालवीत असे. मी जमीनजुमला असलेल्या घरातला. तो आमच्या गावी येई तेव्हा त्याचा चहाचा कप खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवलेला असे. तो कप कोणाचा हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. चहा चांगला झाला, असे तो म्हणत असे. मी काहीच म्हणत नसे.

वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता, जो घरी न्यायची परवानगी नव्हती. त्यातल्या एका रंगीत पानावर ती शिकार होती. कोण्या सरदाराच्या थडग्याच्या भिंतीवर, मेल्यानंतरही त्याला शिकार मिळत राहावी म्हणून कोरलेली. मित्राने तीन दुपारी बसून ती बटर पेपरवर उतरवून घेतली. चित्राच्या दोन्ही कडांना एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचे पट्टे होते. ही किनारीची नक्षी आहे, असे मी त्याला समजावून सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला.

"नक्षी नाई हे," तो म्हणाला. "वाघूर होय. जाळं. जनावर हाकलत आनतात न् ह्याच्यात गुतवतात. आबा सांगत आमचे."

मी पानाखालचा मजकूर शब्दकोश घेऊन वाचला. तिथे जाळेच लिहिलेले होते. त्या वेळी मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवते ती एक बारीकशी चीड, त्याला माझ्याआधी दिसले याची. पुढे माझ्या हातून जे घडले त्याची सुरुवात मी त्या दुपारपासून धरतो.

फरशी आमच्या घरच्या बांधकामातून उरलेली होती. त्याने गेरूत भिजवलेली दोरी ताणून, तिला मध्ये उचलून सोडून, फरशीवर सूत मारले आणि चौकटी पाडल्या. चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तचे कारागीरही असेच सूत मारीत, हे त्याच ग्रंथात होते, आणि ते वाचून आम्ही दोघेही उगाचच खूश झालो होतो. रेखाटन संपूर्ण त्याचे. कोरीवकाम माझे. जात्यांना टाकी लावणाऱ्या एका पाथरवटाकडून मी छिन्न्यांना धार लावून आणली आणि दीड महिना खपलो. हे लिहिणे आवश्यक वाटते. पश्चात्तापाच्या भरात माणूस आपल्या वाट्याचे खरे कामही नाकारू लागतो, आणि तोही खोटेपणाच.

शहाबादीचा एक दोष असा की तिचा पापुद्रा सुटतो. एकदा रानबोकडाच्या शिंगापाशी असाच टवका उडाला आणि मी डोके धरून बसलो. मित्राने गेरूची कांडी घेतली, बोकडाची मान मागे वळवली, आणि उडालेल्या जागी मोकळे आकाश ठेवून दिले. आता तो बोकड पळता पळता मागे पाहतो. मूळ चित्रातल्या बोकडापेक्षा तो चांगला आहे.

रंग मात्र तोच लावणार, असे ठरले होते. गेरू, पिवळी माती, चुना आणि दिव्याची काजळी त्याने डब्यांत भरून ठेवली होती. एवढ्यात त्याचे वडील आजारी पडले आणि तो गावी गेला. तिकडून त्याचे पोस्टकार्ड आले. त्यावर एकच ओळ होती: रंग लावू नको, मी येतो.

नागपूरच्या एका प्रदर्शनाची मुदत जवळ येत होती. मी त्याच्यासाठी थांबलो नाही, असे म्हणणेही पुरेसे नाही. मुदतीला चार दिवस बाकी असतानाच मी फरशी पाठवली. अर्जावर सहकलाकाराचे नाव लिहिण्यासाठी एक रकाना होता. त्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली. ती रेघ मारताना मी फार विचार केला नाही. आमच्या घरात खिडकीच्या फळीवर कप ठेवतानाही कोणी फार विचार करीत नसे. म्हणून ती रेघ एकट्या माझी नव्हती, असे म्हणून सुटता आले असते; पण पेन माझ्याच हातात होते.

फरशीला बक्षीस मिळाले. परीक्षकांनी दोन गोष्टींची स्तुती लिहिली होती. एक, दगडाला रंग न देण्यात दिसलेला संयम. आणि दुसरी, तीन कुत्र्यांपैकी शेवटचे, एक कान मोडलेले कुत्रे, ज्यात प्राण आहे. संयमाची स्तुती मी नम्रपणे स्वीकारली. पुढे तर रंग न देण्याचा निर्णय माझाच होता, असेही मी सांगू लागलो.

त्याने मला काही विचारले नाही. वडील गेल्यावर तो एकदा खोलीवर आला, आपले ब्रश आणि बटर पेपर घेतले, आणि निघून गेला. पदविका त्याने पुरी केली नाही. मला नोकरी मिळाली. मुलाखतीत बक्षिसाचे प्रमाणपत्र हातोहात फिरले होते. त्यानंतर कामानिमित्त बसने बुलढाण्यावरून जाताना दुकानांच्या पाट्यांवर त्याचे अक्षर मला ओळखू येई. ते दिसले की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे पाहत असे. पुढे फ्लेक्स आले, पाट्या उतरल्या, आणि मला दोन्ही खिडक्यांतून पाहता येऊ लागले. या गोष्टीचे मला तेव्हा बरे वाटले, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

मी स्वतःला एक समर्थनही तयार करून दिले होते. दरवर्षी नववीच्या वर्गाला आमच्या ओसरीत आणून ही फरशी दाखवताना मी सांगत असे की, इजिप्तमध्ये एक कारागीर लाल रेषेने आखी, दुसरा काळ्या रेषेने ती दुरुस्त करी, तिसरा कोरी, चौथा रंगवी, आणि सही कोणीच करीत नसे. मुले वहीत उतरवून घेत. त्या कोपऱ्यातल्या माझ्या नावाबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही. मोडक्या कानाच्या कुत्र्यावर बोट ठेवून मी पुढे म्हणत असे, पहा, चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे निरीक्षण किती सूक्ष्म होते!

पत्नीशी बोलणे झाल्यानंतरच्या रविवारी मी निघालो. नांदुरा, मोताळा, मग राजूरचा घाट चढून बुलढाणा, आणि तिथून देऊळघाट. प्रवासभर मी वाक्ये घोकत होतो. तो मला घराबाहेर काढील, याची मी तयारी केली होती. तो मला ओळखणारच नाही, याची मात्र तयारी करता येत नव्हती.

अंगणात बाजेवर तो काळा चष्मा लावून बसला होता. आठवड्यापूर्वी त्याच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. मी नाव सांगितले. तो म्हणाला, आवाज तोच आहे, बस. त्याच्या पत्नीने पाणी आणले, चहा टाकला, आणि घरातल्या सगळ्यांसाठी काढलेल्या कपांतलाच एक मला दिला. मी तो कप दोन्ही हातांनी धरला होता.

मग मी घोकलेले सुरू केले. माझ्या हातून एक अक्षम्य अन्याय घडला असून, वगैरे. त्याने हात वर केला.

"शाळेत बोलून राह्यला का बे? नीट सांग."

तीस वर्षांच्या नोकरीत जी बोली मी तोंडातून घालवली होती, ती त्या बाजेवर एकदम परत आली. "मी तुयं नाव लिहलं नाई," मी म्हणालो. "रेघ मारली तिथी."

"माईत हाये मले. मी आलतो ना नागपूरले."

हे मला ठाऊक नव्हते. वडिलांचे दिवस झाल्यावर, प्रदर्शन सुरू असतानाच, तो एकटा रेल्वेने गेला होता. फरशीखालची चिठ्ठी त्याने वाचली, आणि त्याला इतका राग आला की हातातली पिशवी फरशीवर मारावीशी वाटली, असे तो शांतपणे सांगत होता.

"मंग कुत्रं दिसलं न् हासूच आलं. तिथचा वाचमन पाहे मायाकडे."

"कोनतं कुत्रं?"

"कोनतं म्हंजे? कानतुट्या. आमच्या घरचा होय तो. रानडुकरानं फाडलता त्याचा कान. पुस्तकात दोनच कुत्रे होते बे."

ते रंगीत पान मी त्यानंतर कधीही उघडले नव्हते. ते उघडण्याचे धैर्य नव्हते म्हणून, आणि ज्याला आपण अभ्यास म्हणतो त्याची सवय नव्हती म्हणूनही. मी त्याला परीक्षकांचा अभिप्राय सांगितला. मग वर्गात मी काय शिकवत आलो, तेही सांगितले.

"किती पोट्ट्याईले सांगतलं असं?" त्याने विचारले.

"सगळ्याईले."

तो हसू लागला. हसता हसता चष्मा धरू लागला, तेव्हा त्याची पत्नी आतून म्हणाली की डोळ्यावर जोर येईल, हसणे नंतर करा. तिलाही त्याने ते ऐकवले. आमच्या कुत्र्याला यानं चार हजार वर्षांचा म्हातारा केला, असे काहीसे. ती दारात उभी राहून माझ्याकडे पाहून हसली, आणि मलाही हसू आले. तिथे हसण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हा विचार त्यानंतर मनात आला.

हसणे ओसरल्यावर मी विचारले की तो मला माफ करील का.

"माफ केलं असं मी म्हननार नाई," तो म्हणाला. "राग होता, लय वर्स होता. पाटीचा रंग उडते ना उन्हानं, तसा उडाला. कवा उडाला ते माईत नाई. आता जे नाई ते कसं माफ करू?" थोड्या वेळाने त्याने विचारले, "मास्तरकीचं म्हनशील तं मी मास्तर झालोच नसतो. पोट्टे बडवले असते मी. ते जाऊ दे. रंग लावला का त्याले?"

"नाई."

"काऊन?"

"तू म्हनला होता, रंग लावू नको, मी येतो."

हे उत्तर मी ठरवून आणलेले नव्हते. पण तोंडातून निघाले आणि मला कळले की ते खरे आहे. या वर्षांत मी दोन-तीनदा रंग कालवले होते आणि तसेच वाळू दिले होते. तो माझा भित्रेपणा आहे असे मी समजत आलो; आणि तो भित्रेपणा होताच. पण त्याच्या तळाशी ते पोस्टकार्डही होते. इतक्या सगळ्यात पाळलेले ते एकच.

चष्मा किंचित वर करून त्याने आभाळाकडे पाहिले. "ऑपरेशन झाल्यापासून निळा लय निळा दिसून राह्यला," तो म्हणाला. "डाक्तर म्हने महिनाभर धूळ नको. महिना झाला की येतो."

परत आल्यावर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सर्व सांगितले. तीस वर्षे ज्या क्षणाला मी भीत होतो तो क्षण असा गेला: त्यांनी सगळे ऐकून घेतले, अर्जावरच्या त्या रेघेचे सांगितले तेव्हा एकदा माझ्याकडे नीट पाहिले, आणि मग विचारले की दारात पाऊस लागतो, तर रंग टिकेल का. दोन नावांचा फ्लेक्स सांगून टाकतो, असेही ते म्हणाले. बाहेर व्हरांड्यात येऊन मी खांबाला टेकलो. अनेक वर्षे डोक्यावर भारा वाहिलेल्या माणसाची मान भारा उतरल्यावरही काही वेळ ताठच राहते, तशी माझी अवस्था होती.

तो महिन्याने, सांगितल्याप्रमाणे आला. कलादालनात फरशी दोन बाकांवर आडवी ठेवली होती. फ्लेक्सचे ऐकताच तो म्हणाला की मग मी घरी जातो. तेव्हा फ्लेक्स रद्द झाला आणि फलकासाठी पत्रा आणला गेला. मी छिन्नी घेऊन कोपऱ्यातले माझे नाव काढायला वाकलो. त्याने माझा हात धरला.

"राहू दे. खोदलं तं तूच. मायं मी रंगानं लिहतो त्याच्या बाजूले. आन् पाटीवर मायं पहिलं येईन. सा महिने मोठा हावो मी तुयाहून."

चार दिवस तो रंगवत होता आणि मी गेरू वाटून, गाळून, खळ घालून वाट्या त्याच्या हाताशी ठेवत होतो. पत्नी दुपारी दोघांचा डबा आणत असे. चित्रातल्या वाळवंटाच्या वाळूला त्याने फिकट गुलाबी रंग दिला आणि त्यावर लाल ठिपके टाकले. हरणांच्या पोटाखाली चुन्याची पांढरी लकेर ओढली. काजळीने वाघुरीची एकेक गाठ भरली. झुडपाला हिरवा लागला तेव्हा सशाचे कान अधिकच उठून दिसू लागले. मी ते कान जरा दबवायला सुचवले. दिसू दे, तो म्हणाला. दिसला नसता तर त्याला ससा कोण म्हणाला असता?

शेवटी फक्त मोडक्या कानाचे कुत्रे उरले. ते त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते. पिवळ्या मातीत गेरू आणि चिमूटभर काजळी मिसळून त्याने एक भुरकट रंग तयार केला, नखावर लावून पाहिला, पुन्हा थोडी माती घातली. मग ब्रश भिजवला, आणि तसाच हात धरून थांबला. नव्या चष्म्यातून इतक्या जवळचे अजून त्याला नीट लागत नव्हते.

"कोनता कान होता बे त्याचा?" त्याने विचारले. "इसरलो मी."

मी फरशीवर वाकलो आणि बोटाने चाचपून पाहिले.

"डावा," मी म्हणालो.

"हाव, डावाच," तो म्हणाला, आणि रंगवू लागला.